किल्लीची रेघ

माझ्या लग्नात अप्पांनी नवऱ्या मुलाला घड्याळ दिलं, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसायची होती आणि मी नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर मुंडावळ्या सावरत बसले होते. त्यामुळे पुढं जे झालं ते मी कुणाकडून ऐकलेलं नाही. हातभर अंतरावरून पाहिलेलं आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. धारूरला त्यांचं किराण्याचं दुकान. मी थोरली, म्हणून माझा नवरा घरातला पहिला जावई. त्याच्यासाठी घड्याळ आणायला अप्पा एसटीनं औरंगाबादला गेले होते. धारूरला घड्याळं मिळत नव्हती असं नाही, पण पहिल्या जावयाचं घड्याळ धारूरच्या बाजारातून घेणं त्यांना बरं वाटलं नसावं. पांढरी तबकडी, सोनेरी कड, कातडी पट्टा आणि वर फुगीर काच. चावी द्यायचं घड्याळ होतं. लग्नापर्यंत ते देवघरात ठेवलेलं होतं आणि अप्पा रोज लिंगपूजा झाली की त्याला चावी द्यायचे. बंद पडलेलं घड्याळ जावयाच्या हातात जाऊ नये म्हणून.

तबकातून ते घड्याळ आधी उचललं दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान. उमापूरकडचे, पुष्कळ जमिनीचे, पुढाऱ्यांत ऊठबस असलेले. सासरच्या घरात त्यांच्या शब्दाला सासऱ्यांच्या शब्दापेक्षा जास्त वजन होतं. त्यांच्यासोबत चार-पाच मित्र होते, पांढऱ्या कपड्यांतले.

"बघू बे, सासऱ्यानं काय दिलंय," असं म्हणत त्यांनी काचेवर नखानं टकटक केली. "आवाज काचंचा न्हाई ह्याला."

मग खिशातून जीपची किल्ली काढली आणि सरळ त्या काचेवरून ओढली. बाराच्या आकड्यापासून चारच्या आकड्यापर्यंत एक पांढरी रेघ उठली.

"प्लास्टिक हाय बे! दुकानदार माणूस, मापात मारायची सवय. जावयाला बी सोडलं न्हाई!"

सगळे हसले. पाहुण्यांतल्या बायकासुद्धा हसल्या. अप्पा समोर उभे होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "पाव्हणं, बदलून देतो."

"राहू द्या, राहू द्या," दाजी म्हणाले आणि घड्याळ तबकात टाकलं.

ते 'राहू द्या' मला किल्लीपेक्षा जास्त लागलं. जणू त्यांनीच उदार होऊन अप्पांना माफ केलं होतं. माझ्या नवऱ्यानं घड्याळाकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि गप्प बसला. त्यावरून आमच्यात पुढं इतकी भांडणं झाली आहेत की आता ती इथं उकरत बसत नाही. मी मात्र पंगतीत एक घास खाल्ला नाही आणि नवरी रडते आहे म्हणून सगळ्यांनी माझी समजूत काढली.

ते घड्याळ नवऱ्यानं सोळा सोमवार करावेत तसं नेमानं, मला दाखवायला म्हणून काही दिवस घातलं. मग ते कपाटात गेलं. अप्पांनी त्याविषयी कधी एक शब्द काढला नाही. फक्त ज्या कार्याला दाजी असतील तिथं अप्पा टेकेनासे झाले. येणार, आहेर करणार, पानावर बसल्यासारखं करणार आणि "दुकान उघडं हाय" म्हणून निघणार. दुकान बंद असलं तरी हेच सांगणार.

मी लग्नानंतर एमएस्सी पुरी केली. बीडमध्ये आधी दुसऱ्यांच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवलं, मग स्वतःचे क्लास काढले. नीटची पोरं माझ्याकडं परळी, आष्टी, माजलगावहून येऊन राहतात. अॅल्युमिनियमचा धडा आला की मी फळ्यावर काठिण्याची उतरंड काढते. कोणता पदार्थ कोणाला ओरखडा काढू शकतो, कोण कोणासमोर नमतं, असं सगळं. तो तास पोरांना आवडतो. मी त्यात जीव ओतते असं ती म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी कोण असतं हे त्यांना सांगण्यासारखं नाही.

कारण इतक्या वर्षांत माझा राग निवला नव्हता. लोक म्हणतात काळ गेला की विसर पडतो. मला तर उलट एकेक गोष्ट जास्त स्पष्ट दिसू लागली. कोण कोण हसलं, कोणी कोणाच्या हातावर टाळी दिली, अप्पांच्या सदऱ्याचं वरचं बटण कसं निसटलं होतं. मी मनातल्या मनात दाजींना शंभर उत्तरं दिली. भाजी निवडताना दिली, पेपर तपासताना दिली. त्यातलं एकही उत्तर मला पुरेसं वाटलं नाही.

मग दाजींच्या मुलीचं लग्न ठरलं. ही माझी भाची बारावीला आमच्याकडं बीडला राहून शिकली होती. गुणी पोर. नणंदेचा फोन आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आणि तो आनंद पुरता संपायच्या आत दुसरा विचार आला, की आता सगळे पुन्हा एका ठिकाणी जमणार. ते मित्र, ती भावकी, ते पाहुणे.

पुढच्या रविवारी मी संभाजीनगरला घड्याळ घ्यायला गेले.

मला हे साफ सांगितलं पाहिजे, की मला घड्याळाची हौस कधीच नव्हती. वर्गात भिंतीवर घड्याळ आहे, हातात मोबाईल आहे. चैनीची अशी एकही वस्तू मी तोवर स्वतःसाठी घेतली नव्हती. त्या दिवशीही मला घड्याळ नको होतं. मला काच हवी होती.

दुकान थंडगार होतं आणि आत फारसं कोणी नव्हतं. काउंटरमागच्या तरुणानं हातमोजे चढवले, मखमलीचा तुकडा अंथरला आणि विचारलं, "मॅडम, कोणाला गिफ्ट?"

"मलाच."

"डिझाईन कसं पाहिजे?"

"डिझाईन मागाहून बघू. काच कोणकोणती असते ते दाखवा."

तो जरा गोंधळला, पण त्यानं तीन घड्याळं काढली. पहिल्याची काच मिनरल. म्हणजे उष्णतेनं कडक केलेली आपली साधीच काच. तो म्हणाला, रोजच्या वापराला चांगली, पण कधी ना कधी ओरखडे येतात आणि आले की जात नाहीत. दुसऱ्याची सॅफायर. म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला नीलम, माझ्या धड्यातला अॅल्युमिनियम ऑक्साइड. उतरंडीत त्याच्या वर हिराच.

तिसरं घड्याळ त्यानं शेवटी ठेवलं. पांढरी तबकडी होती आणि वर फुगीर काच.

"हे अॅक्रिलिक आहे," तो म्हणाला.

"म्हणजे प्लास्टिक."

"प्लास्टिकच म्हणा, पण हे ह्या तिन्हींत सगळ्यात महाग आहे मॅडम. जुन्या घाटाच्या घड्याळांना कंपनी मुद्दाम हीच काच लावते. हिच्यातून तबकडी बघा, कशी मऊ दिसते. पडली तर फुटत नाही. ओरखडा आला तर पॉलिशनं घासायचं, निघून जातो. ज्यांना कळतं ते हीच मागतात."

ज्यांना कळतं ते. मी ते घड्याळ उचलून उजेडाकडं धरलं. औरंगाबादच्या त्या जुन्या दुकानदारानं अप्पांना फसवलं नव्हतं आणि अप्पांनी जावयाला फसवलं नव्हतं. त्यांनी चांगली वस्तू आणली होती. ज्याला काही कळत नव्हतं, त्या माणसानं तिच्यावर किल्ली ओढली होती आणि बाकीच्या न कळणाऱ्यांनी दात काढले होते. इतकी वर्षं मी अप्पांच्या बाजूनं रागावत होते खरी, पण मनाच्या तळाशी मलाही वाटत होतं की अप्पांनी थोडं चांगलं घड्याळ घ्यायला हवं होतं. ते त्या दिवशी पुसलं गेलं आणि उरला तो निव्वळ राग, पाणी न घातलेला.

मनगटावर तेच घड्याळ सगळ्यात शोभत होतं. त्या तरुणानं आरसा धरला. खरोखर सुंदर होतं. अप्पांची आठवण म्हणून, त्यांचा मान म्हणून तेच घ्यावं असं मला एकदा वाटलं. हातात घालून मांडवात जावं आणि काही न बोलता परत यावं. शहाण्या बाईनं तेच केलं असतं.

"पितळी किल्लीनं ह्यातल्या कशावर ओरखडा पडेल?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"अॅक्रिलिकवर पडेल. बाकी दोन्हींवर नाही. पण मॅडम, घड्याळाला किल्ली कोण लावणार?"

"आहेत आमच्याकडं."

किल्लीपुरतं पाहायचं तर मिनरल पुरली असती. पण दाजींच्या बोटात पाचूची अंगठी असते. पाचू साध्या काचेला ओरखडू शकतो, नीलमाला नाही. हा माणूस एका किल्लीवर थांबेल याची मला खात्री नव्हती. त्या थंडगार दुकानात उभी राहून मी शत्रूची शस्त्रं मोजत होते आणि मला त्यात फार सुख होत होतं.

"सॅफायरचं एक सांगतो," तो तरुण म्हणाला. "कडक आहे, पण आपटलं तर तडकतं. मग जोडता येत नाही, काच बदलावीच लागते."

"ते मी पोरांना शिकवते," मी म्हटलं आणि सॅफायरचं घड्याळ घेतलं.

घरी आल्यावर कपाटातून अप्पांचं घड्याळ काढलं. ती रेघ तशीच होती. दात घासायची पेस्ट बोटावर घेऊन घासलं तरी ती निघाली असती, हे आता मला माहीत होतं. मी पेस्ट आणलीसुद्धा. मग ट्यूबचं झाकण पुन्हा लावलं. पुरावा कुणी आपल्या हातानं पुसतं का?

हळदीच्या दिवशी आम्ही सकाळीच गेवराईमार्गे दाजींच्या गावी पोचलो. नवरदेवाकडची माणसं दुसऱ्या दिवशी बीडला कार्यालयातच येणार होती, त्यामुळे आज सगळी घरचीच आणि दाजींच्या उठबशीतली माणसं होती. ओसरीवर चादर अंथरून जावयाचा आहेर मांडला होता. तो मांडायला मीच आक्कांना मदत केली. आक्का म्हणजे माझी नणंद. आहेरात घड्याळ होतं. डब्यातला कागद मी वाचून घेतला. मिनरल.

दुपारी दाजी तक्क्याला टेकून बसले आणि आलेल्या माणसांना एकेक वस्तू उचलून दाखवू लागले. अंगठी झाली, चेन झाली. मी मांडवाच्या खांबांना हळद लावून ओसरीच्या पायरीशी हात पुसत होते. दाजींनी घड्याळ उचललं.

"हे बघा. जावयाला द्यावं तर असं द्यावं. न्हाईतर लोकं देतात काय बी."

मी वर गेले.

"दाजी, काच कोणती आहे ह्याची?"

"काच? काच म्हंजे काच. कोणती असती?"

"तीन प्रकारच्या असतात. पण तुम्ही पारखी माणूस. किल्ली ओढून सांगता."

"कसली किल्ली?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की त्यांना आठवत नाही. सोंग नव्हतं ते. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काहीच नव्हतं. मी मनात हा प्रसंग कितीतरी वेळा रंगवला होता आणि प्रत्येक वेळी ह्या ठिकाणी दाजींचा चेहरा उतरायचा. तो उतरलाच नाही. ज्या गोष्टीनं माझ्या बापाला जन्मभर मान खाली घालायला लावली, ती ह्या माणसाला त्या दिवसाच्या जेवणाइतकीसुद्धा लक्षात नव्हती. मला वाटलं, माझ्या कानांतून वाफ निघते आहे.

मग मी सगळं सांगितलं. माझं लग्न, तबक, जीपची किल्ली, रेघ, 'दुकानदार माणूस', 'राहू द्या, राहू द्या'. आवाज चढवला नाही. वर्गात समीकरण सोडवते तसं एकेक पायरी सांगितली. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मान हलवली, "हां, झालतं तसं. मी हुतो."

दाजी हसले. "अगं, चेष्टा आसंल ती. लग्नात चालायचंच. तू लई मनाला लावून घेतलं की."

"मग आजही चेष्टाच करू." मी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "हे माझं. माझ्या कमाईचं. मारा किल्ली."

"किल्ली कुठनं आणू? आताच्या गाडीला बटन असतंय!"

सगळे मोकळेपणानं हसले. सुटका झाल्यासारखे. माझा नवरा पुढं येऊन हळूच म्हणाला, "चल, जेवणं लागलीत." आणि तिथंच ते संपलं असतं. दाजींनी घड्याळ माझ्याकडं सरकवलंही होतं.

"घ्या की."

आवाज माजघराच्या दारातून आला. आक्का उभ्या होत्या. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, दाजींच्या आडतीच्या गोदामाची मोठी पितळी किल्ली वेगळी केली आणि ओसरीवर येऊन दाजींच्या मांडीजवळ ठेवली. आक्का नवऱ्यासमोर चार माणसांत आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता की हसू नव्हतं. किल्ली ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आता दाजींना मागं हटता येईना. त्यांनी किल्ली घेतली आणि दाबून ओढली. काचेवर पिवळट रेघ उठली.

"बघ! पडली का न्हाई?" दाजी ओरडले. "म्हागाचं हाय म्हनं!"

पुन्हा हशा झाला. मी त्यांना हसू दिलं. पोटभर हसू दिलं. मग घड्याळ उचललं, पदराच्या टोकानं काच पुसली आणि फिरवून सगळ्यांना दाखवली. काच कोरी होती.

"रेघ काचेला पडली नाही, दाजी. किल्लीच झिजली. तिचं पितळ तिथं लागलं होतं."

दाजींनी घड्याळ हिसकावून घेतलं. पुन्हा किल्ली ओढली, पुन्हा पुसलं. कोरी. मग बोटातली अंगठी काढली आणि तिच्यातला पाचू काचेवर घासला. कचकच आवाज आला. दाजींनी स्वतःच धोतराच्या सोग्यानं पुसलं, उजेडाकडं धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी तो घाम पाहिला. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी जावयाच्या घड्याळाचा डबा माझ्याकडं ढकलला आणि वर ती अंगठी ठेवली. "मंग हे बी घास! माज्या जावयाचं बी कमी न्हाई. घास, बघू दे सगळ्यांला!"

दारात माझी भाची उभी होती. अंगभर हळद, कपाळावर ओली, डोळे मोठे झालेले. मी एका हातात घड्याळ घेतलं, दुसऱ्या हातात अंगठी. मिनरल काच आणि पाचू. एकदा ओढलं असतं तर उद्याच्या जावयाच्या घड्याळावर जन्माची रेघ पडली असती आणि ती पदरानं पुसली गेली नसती. दाजींनीच हातात दिलं होतं. मला कोणी बोल लावू शकलं नसतं. माझी बोटं शिवशिवली, हे मी लपवत नाही.

"न्हाई, दाजी," मी म्हटलं. "जावयाच्या वस्तूला ओरखडा काढायची रीत आमच्या घरात न्हाई. अप्पांनी ते शिकवलं न्हाई आमाला."

घड्याळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं, अंगठी दाजींच्या हातात दिली आणि आत गेले. मागून कोणी हसलं नाही.

परतीच्या वाटेवर गेवराई आली. तिथं नवरा म्हणाला, "आक्काचं काय होईल, ह्याचा विचार केलतास?"

केला नव्हता. किल्ली त्यांनी आणली होती, मी मागितली नव्हती, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी लग्नात मी आधी आक्कांना गाठलं आणि विचारलं.

"बोलनं बंद केलंय माझ्यासंगं," आक्का भाचीच्या पदराला पिन लावत म्हणाल्या. "लई बरं हाय. घर कसं शांत हाय."

लग्न नीट पार पडलं. माझ्या नवऱ्यानं मामाचा मान घेतला, भाची पाया पडताना मला घट्ट बिलगली. दाजी दिवसभर माझ्या बाजूला फिरकले नाहीत. अप्पा लग्नाला आलेच नाहीत. आहेर कुणाच्या तरी हाती पाठवला होता. मला वाटलं दुकान उघडं असेल.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "तिथं माझं नाव कशापायी काढलंस?"

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी दुसऱ्या दिवशी क्लास उरकून धारूरला गेले. अप्पा गल्ल्यावर होते. गिऱ्हाईक होतं तोवर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तराजूचं पारडं फडक्यानं पुसत म्हणाले, "बस."

"अप्पा, मी तुमच्यासाठी केलं."

"मी सांगितलंतं का?"

मी साखरेच्या पोत्यावर बसले.

"ती गोष्ट धाकल्या-मोठ्या पाच-पन्नास माणसांनी बघितलेली. ती बी इसरून गेलती. अर्धी तर मेली. आता तू भर ओसरीवर सांगितलीस. परवा एक गिऱ्हाईक साखर घेता घेता इचारतंय, 'काय हो अप्पा, ते घड्याळाचं खरं हाय का?' आता मी काय सांगू त्याला? हो, माझ्या घड्याळावर किल्ली मारलती म्हणून?"

"पण तुम्ही चांगलं घड्याळ आणलं होतं. मी दुकानात विचारलं. ती काच मुद्दाम..."

"मला ठाऊक हाय," अप्पा म्हणाले. "मी काय न बघता आणलं व्हय? दुकानदारानं सगळं सांगून दिलतं."

"मग तेव्हा बोलला का नाही तिथं?"

"तुझी पंगत बसायची हुती."

मी तिथं अप्पांच्या पायाशी रडायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. मला रडू आलं नाही. मला पुन्हा रागच आला. हा माणूस सगळं माहीत असून हात जोडून उभा राहिला होता, माझी पंगत मोडू नये म्हणून. आणि ज्याच्यासमोर तो उभा राहिला त्याला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी अप्पांची माफी मागितली नाही. माझ्या करण्यानं त्यांची जुनी जखम चव्हाट्यावर आली हे खरं आहे, आणि दाजींच्या मानेवरचा घाम बघून मला जे वाटलं तेही खरं आहे. ह्या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

उठताना अप्पांनी माझ्या हाताकडं पाहिलं. "फुटती का ती?"

"आपटली तर फुटते."

"मंग जपून वापर," ते म्हणाले आणि आलेल्या बाईला डाळ तोलून द्यायला वळले.

ह्या गोष्टीला बरेच महिने झाले. दाजींच्या घरून आता निमंत्रण नवऱ्याच्या एकट्याच्या नावानं येतं. तो जातो, मी जात नाही. आक्का मात्र आठवड्यातून एकदा फोन करतात आणि घरातली शांतता अजून टिकून आहे असं सांगतात.

परवा बीडला गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचा कार्यक्रम होता. माझ्या क्लासची पोरं त्यात होती म्हणून मलाही बोलावलं होतं. मंचावर पाहुण्यांच्या रांगेत दाजी होते. आयोजकांनी मला मागं बसवलं होतं. मी उठले आणि पहिल्या रांगेत, बरोबर माइकच्या समोरची रिकामी खुर्ची घेतली.

दाजी बोलायला उभे राहिले. आपल्या जिल्ह्याच्या मातीतून हिरे निघतात, असं काहीतरी सुरू केलं. मग त्यांची नजर खाली आली. वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला, घसा खाकरला. मी मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत बसले. शिक्षक तोंडी परीक्षेला बघतो तसं, अजिबात न हलता. पुढची दोन-तीन वाक्यं त्यांनी घाईत संपवली, मुलांना शुभेच्छा दिल्या आणि खुर्चीवर जाऊन बसले.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "आज लवकर आटोपलं ह्यांनी. एरवी तासभर सोडत नाहीत."

"हो ना," मी म्हटलं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.